विलंब आणि कडांचा वेग मोजताना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाची व्याप्ती आज ठरली. इन्व्हर्टर (इनपुट उलटवणारा), दोन इनपुटांचा नॅन्ड (दोन्ही इनपुट १ असतानाच ० देणारा) आणि एक डी फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या कडेला डेटा साठवणारा) या तीन सेलांसाठी, म्हणजे चिपमधल्या तयार लहान मंडलांसाठी, सिम्युलेशनमधून तक्ते तयार करायचे आहेत. पहिल्या दोन सेलांच्या तक्त्यात एका अक्षावर इनपुट कडेला, म्हणजे सिग्नलच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाण्याला, लागणारा काळ, दुसऱ्या अक्षावर आउटपुटवरचा भार आणि प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतील : सेलमधला विलंब आणि आउटपुट कडेला लागलेला काळ. तयार झालेले तक्ते एका सहकाऱ्याने पूर्वी केलेल्या तक्त्याशी ताडून पाहायचे आहेत. त्या जुन्या तक्त्यात आकडे नीटनेटके आहेत, पण ते कोणत्या व्याख्येने मोजले याची एक ओळही नाही.

त्यामुळे पहिला दिवस व्याख्या लिहिण्यात गेला. पुरवठा १.८ व्होल्ट. विलंब म्हणजे इनपुटने ५० टक्के पातळी, म्हणजे ०.९ व्होल्ट, ओलांडल्यापासून आउटपुटने तीच पातळी ओलांडेपर्यंतचा काळ. कडेचा काळ २० ते ८० टक्क्यांमध्ये, म्हणजे ०.३६ ते १.४४ व्होल्टच्या दरम्यान मोजायचा. या काळाला सगळे ‘स्ल्यू’ म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे, जरी हा शब्द मुळात व्होल्ट भागिले सेकंद अशा वेगाचा असला तरी. परिणामी ‘स्ल्यू वाढला’ याचा अर्थ कड संथ झाली असा होतो, आणि ऑपरेशनल ॲम्प्लिफायरवर काम केलेल्या माणसाला तो नेमका उलटा वाटतो.

५० टक्के पातळी निवडण्याचे कारण म्हणून मी असे लिहून ठेवले आहे की तिच्यामुळे साखळीतल्या एकेका सेलचे विलंब बेरीज करता येतात.

७ जानेवारी

ट्रान्झिस्टरांना हात लावण्याआधी मोजमापाचीच परीक्षा घ्यावी असे ठरवले, कारण ज्याचे उत्तर कागदावर काढता येते अशा मंडलावर मोजपट्टी चुकली तर ती चूक लगेच दिसते. १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० फेम्टोफॅरडचा कपॅसिटर घेतला. त्यांचा कालस्थिरांक (रोध गुणिले धारिता) बरोबर १०० पिकोसेकंद येतो. इनपुटला जवळजवळ उभी कड दिली, तर आउटपुट ५० टक्क्यांवर ६९.३ पिकोसेकंदांनी पोहोचले पाहिजे. १० ते ९० टक्क्यांचा काळ २१९.७, २० ते ८० चा १३८.६ आणि ३० ते ७० चा ८४.७ पिकोसेकंद असला पाहिजे. एनजीस्पाइस या मंडल-सिम्युलेटरमधल्या मोजमापाच्या आज्ञेने, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची पातळी सांगून मधला काळ विचारणाऱ्या आज्ञेने, चारही आकडे पिकोसेकंदाच्या दशांशापर्यंत जुळवून दिले.

याच चार आकड्यांत एक अडचणही दडलेली आहे. निरनिराळ्या पातळ्यांवर मोजलेले स्ल्यू एकमेकांत बदलण्यासाठी कड सरळ रेषेत चढते असे धरण्याची पद्धत आहे : १० ते ९० चा आकडा ०.८ ने, २० ते ८० चा ०.६ ने आणि ३० ते ७० चा ०.४ ने भागला की ० ते १०० टक्क्यांचा काळ मिळतो. आमच्या कडेला हे लावले तर अनुक्रमे २७५, २३१ आणि २१२ पिकोसेकंद येतात. कड एकच, आणि तिच्या ‘पूर्ण’ काळाची उत्तरे तीन. अनेक सेल लायब्ररींमध्ये मोजमाप ३० ते ७० टक्क्यांचे असते, पण तक्त्यात लिहिलेला आकडा १० ते ९० टक्क्यांपर्यंत ताणलेला असतो. म्हणूनच लिबर्टी फाइलीत, म्हणजे सेलांचे तक्ते ठेवण्याच्या प्रचलित स्वरूपातल्या फाइलीत, स्ल्यूच्या पातळ्यांबरोबर ०.५ सारखा एक गुणक वेगळा नोंदवलेला असतो. तो गुणक न वाचता दोन लायब्ररींचे स्ल्यू शेजारी मांडणे व्यर्थ आहे.

९ जानेवारी

आजचा बहुतेक दिवस एका चुकीमागे गेला, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

तक्त्यांसाठी शेकडो सिम्युलेशने चालवायची असल्याने मोजमाप सिम्युलेटरबाहेर, स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये करावे असे मला वाटले. त्यासाठी लहरी समान अंतराच्या बिंदूंवर आणून मजकूर फाइलीत उतरवल्या आणि दोन बिंदूंच्या मध्ये सरळ रेषा धरून पातळी ओलांडण्याचा क्षण काढला. बिंदूंमधले अंतर ५० पिकोसेकंद ठेवले होते. ७ तारखेच्याच मंडलावर ही स्क्रिप्ट चालवली तेव्हा विलंब ७२.३ पिकोसेकंद आला, म्हणजे तीन पिकोसेकंद जास्त. १० ते ९० चा काळ मात्र २२०.५ आला, म्हणजे जवळपास बरोबर. यावरून मी घाईने निष्कर्ष काढला की स्ल्यूच्या मोजमापाला या अंतराचा फारसा त्रास नाही.

दुपारी दुसऱ्याच कारणाने इनपुट कड २५ पिकोसेकंदांनी पुढे सरकवली. मंडल तेच, कड तीच, फक्त तिची सुरुवात आता दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये पडली. विलंब सुधारून ७०.५ झाला, पण १० ते ९० चा काळ २३३.९ पिकोसेकंदांवर गेला. फाइल उघडून पाहिल्यावर कारण सापडले. कडेच्या आधीचा शेवटचा बिंदू शून्य व्होल्टवर होता आणि पुढचा बिंदू २२ टक्क्यांवर. त्या दोघांना जोडणारी सरळ रेषा १० टक्क्यांची पातळी इनपुट हलण्याच्या २.४ पिकोसेकंद आधीच ओलांडत होती. सकाळी दोन्ही टोकांच्या चुका एकाच दिशेला झाल्यामुळे एकमेकींत विरल्या होत्या आणि दुपारी तो योगायोग संपला, एवढाच काय तो फरक.

सिम्युलेटर स्वतः आत समान टप्प्यांनी चालत नाही. लहर सपाट असेल तिथे तो मोठी पावले टाकतो, कड आली की लहान. उद्गमाची, म्हणजे इनपुट देणाऱ्या स्रोताची, कड जिथे सुरू होते आणि जिथे संपते त्या क्षणांवर तो मुद्दाम थांबतो. समान अंतराच्या जाळीवर उतरवताना नेमकी हीच काळजीपूर्वक जमवलेली माहिती फेकली जाते. यापुढे मोजमाप मूळ बिंदूंवरच करायचे असे ठरवले. फाइल मोठी झाली तरी चालेल.

त्यावर एक तपासणीही जोडली : प्रत्येक तक्त्याच्या चार कोपऱ्यांची सिम्युलेशने टाइमस्टेपची (सिम्युलेटरच्या एका पावलाची) कमाल मर्यादा निम्मी करून पुन्हा चालवायची आणि आकडा ०.१ पिकोसेकंदापेक्षा जास्त हलला तर मर्यादा आणखी कमी करायची. एनजीस्पाइसमध्ये ही मर्यादा आपण दिली नाही तर सांगितलेला टप्पा किंवा एकूण काळाचा पन्नासावा भाग, यांपैकी लहान असेल ती धरली जाते. ५ नॅनोसेकंदांच्या सिम्युलेशनचा पन्नासावा भाग १०० पिकोसेकंद होतो, आणि मोजायच्या कडा त्याच मापाच्या असताना सगळी भिस्त आतल्या त्रुटिनियंत्रणावर ठेवणे मला पटत नाही.

१० जानेवारी

जुना तक्ता उघडून इन्व्हर्टरच्या ओळी पाहिल्या. त्याच्या ‘१०० पिकोसेकंद’ या ओळीतले विलंब माझ्या १०० पिकोसेकंदांच्या विलंबांपेक्षा सगळीकडे कमी आहेत, आणि इनपुट जसजसे संथ होते तसतसा फरक वाढत जातो. भार बदलल्याने फरक तितकासा बदलत नाही. संशय अर्थातच इनपुट अक्षावर आहे.

१३ जानेवारी

संशय खरा ठरला. स्पाइसमधल्या पल्स उद्गमाला दिला जाणारा चढण्याचा काळ हा खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा, म्हणजे ० ते १०० टक्क्यांचा असतो. त्या जागी १०० पिकोसेकंद लिहिले, तर कडेचा २० ते ८० टक्क्यांचा स्ल्यू ६० पिकोसेकंद भरतो. १०० भरावा अशी इच्छा असेल तर १६६.७ लिहावे लागतात. जुन्या तक्त्याचे अक्ष उद्गमाच्या आकड्यांनीच लिहिलेले दिसतात, आणि आउटपुटचे स्ल्यू मात्र २० ते ८० टक्क्यांचे आहेत. म्हणजे एका सेलचे आउटपुट दुसऱ्या सेलचे इनपुट म्हणून तक्त्यात शोधले, की माणूस दर वेळी चुकीच्या ओळीत जाऊन पोहोचणार. जुन्या तक्त्याच्या १००, २०० आणि ५०० पिकोसेकंदांच्या ओळी मी ६०, १२० आणि ३०० अशा वाचून नवी सिम्युलेशने त्याच मूल्यांवर लावली आहेत.

याच उद्गमाचा आणखी एक स्वभाव इथे नोंदवून ठेवतो. चढण्याचा काळ शून्य लिहिला तर कड उभी होत नाही. त्या जागी सिम्युलेशनचा टप्पा आपोआप धरला जातो. आदर्श कड दिली असे समजून कुणी टप्पा बदलला, तर कडेचा वेगही त्याच्या नकळत बदलतो. ७ तारखेला मी ‘जवळजवळ उभी’ कड म्हणून १ पिकोसेकंद स्पष्टपणे लिहिला होता, म्हणून वाचलो. एनजीस्पाइसचे पूर्वज असलेले स्पाइस १९७३ मध्ये बर्कलेहून बाहेर पडले तेव्हा एकेक ओळ म्हणजे एकेक पंच कार्ड असे, आणि न लिहिलेल्या रकान्यांना काहीतरी अर्थ देणे भागच होते. आजही आपण ट्रान्झिस्टरच्या गुणधर्मांच्या ओळीला ‘मॉडेल कार्ड’ म्हणतो, तेव्हा जुन्या काळच्या सवयी शिल्लक असल्याचे आश्चर्य वाटायला नको.

१४ जानेवारी

रेझिस्टर-कपॅसिटरच्या मंडलाला मुद्दाम निरनिराळ्या संथ कडा देऊन पाहिल्या, कारण इनपुटच्या स्ल्यूने विलंब का बदलतो हे ट्रान्झिस्टरांच्या गुंत्याविना समजून घ्यायचे होते. ० ते १०० टक्के १० पिकोसेकंदांच्या कडेला विलंब ६९.४ राहतो, १०० पिकोसेकंदांच्या कडेला ७३.४ होतो आणि १ नॅनोसेकंदाच्या कडेला ९९.८ वर जातो. पुढे कड कितीही संथ केली तरी तो १०० च्या वर जात नाही. म्हणजे विलंब ०.६९ कालस्थिरांकापासून सुरू होऊन पूर्ण एका कालस्थिरांकाकडे सरकतो. कारण लांब उतारावर आउटपुट इनपुटच्या मागे बरोबर एक कालस्थिरांक अंतर ठेवून समांतर चालते. एल्मोर यांनी १९४८ मध्ये सुचवलेला विलंबाचा अंदाज या मंडलासाठी नेमका एक कालस्थिरांक देतो. तो अंदाज उभ्या कडेसाठी फार मोठा आहे अशी तक्रार नेहमी ऐकू येते. संथ कडेसाठी मात्र तो जवळजवळ अचूक ठरतो.

१ नॅनोसेकंदाच्या त्याच कडेसाठी इनपुटचा स्ल्यू ६०० आणि आउटपुटचा ६०५ पिकोसेकंद भरला. संथ कड अशा मंडलातून जवळपास आहे तशीच बाहेर पडते.

१६ जानेवारी

इन्व्हर्टर. या टप्प्यावर कारखान्याचे पूर्ण मॉडेल न वापरता साधे पहिल्या पातळीचे मॉडेल घेतले आहे, ज्यामुळे उत्तरे हाताने पडताळता येतील. दोन्ही ट्रान्झिस्टरांचा थ्रेशोल्ड (चालू होण्याचे व्होल्टेज) ०.४५ व्होल्ट, आणि खाली ओढणारा एनमॉस वर ओढणाऱ्या पीमॉसच्या २.२५ पट बलवान. या मापांनी इन्व्हर्टर उलटण्याची इनपुट पातळी ०.८१ व्होल्ट येते, आणि डीसी स्वीपमध्ये (इनपुट स्थिर पायऱ्यांनी बदलत नेताना) ती तशीच दिसली.

तक्ता भरताना संथ इनपुट आणि अगदी हलका भार या कोपऱ्यात चढत्या इनपुटसाठी विलंब ऋण आला. स्क्रिप्टने मोजमाप चुकले असे समजून ती चौकट रिकामी ठेवली होती. मीही अर्धा तास चूक शोधली आणि मग कागद घेतला. इनपुट ० ते १.८ व्होल्ट २ नॅनोसेकंदांत चढत असेल, तर ०.८१ व्होल्ट ते ९०० पिकोसेकंदांनी ओलांडते आणि ०.९ व्होल्ट १००० पिकोसेकंदांनी. भार नसल्यासारखाच असेल तर आउटपुट पहिल्या क्षणाच्या आसपासच कोसळते, म्हणजे आमच्या घड्याळाने मोजायला सुरुवात होण्याच्या जवळपास १०० पिकोसेकंद आधी. उतरत्या इनपुटला नेमके उलट घडते आणि त्याच १०० पिकोसेकंदांची भर विलंबात पडते. कारणाच्या आधी परिणाम घडला असे इथे मुळीच नाही. इनपुट हलू लागल्यानंतरच आउटपुट हलले आहे, फक्त मोजण्याची पातळी आणि सेलची स्वतःची पातळी एक नाही. उणे चिन्ह हे मोजमापाच्या व्याख्येतून आलेले खरे उत्तर आहे आणि ते तक्त्यात राहिले पाहिजे. स्क्रिप्टमधली ती अट काढून टाकली.

१७ जानेवारी

पहिल्या दिवशी ५० टक्क्यांविषयी लिहिलेले वाक्य चुकीचे होते.

आज ११ इन्व्हर्टर वर्तुळात जोडून केलेले रिंग ऑसिलेटर चालवले. त्याचा आवर्तकाळ म्हणजे सेलांची संख्या गुणिले चढत्या आणि उतरत्या विलंबांची बेरीज. म्हणून आवर्तकाळाला २२ ने भागले की सरासरी विलंब मिळतो आणि त्यावरून एकेका सेलच्या मोजमापाची उलटतपासणी करता येते. पहिल्या प्रयत्नात ऑसिलेटर सुरूच झाले नाही. सगळे नोड (जोडबिंदू) ०.८१ व्होल्टच्या आसपास शांत बसून राहिले, कारण सिम्युलेटरने शोधलेला डीसी बिंदू तोच होता आणि त्याला तिथून ढकलणारा गोंगाट सिम्युलेशनमध्ये नसतो. एका नोडला आरंभीचे व्होल्टेज देऊन ते सुरू केले. आकडे जुळले.

मग कुतूहलाने तेच विलंब ४० टक्क्यांच्या पातळीवर मोजले. चढते आणि उतरते विलंब दोन्ही बदलले, पण त्यांची बेरीज तीच राहिली. तसे होणारच होते : एका सेलचे आउटपुट ज्या क्षणी पातळी ओलांडते तोच क्षण पुढच्या सेलच्या मोजमापाची सुरुवात असतो, त्यामुळे मधले सगळे क्षण बेरजेत गळून पडतात. पातळी कोणतीही घ्या, सगळीकडे एकच असली म्हणजे झाले. बेरीज होणे हे ५० टक्क्यांचे वैशिष्ट्य नाही.

मग ५० टक्के का, याचे मला पटलेले उत्तर असे : चढत्या आणि उतरत्या कडेला तिथून दोन्ही टोके सारखीच दूर असतात, म्हणून दोघींसाठी एकच पातळी पुरते, आणि तिथे कड पुरेशी उभी असते. वेळेतली चूक म्हणजे व्होल्टेजमधली चूक भागिले कडेचा उतार. ७ तारखेच्या मंडलात ५० टक्क्यांवर उतार ९ मिलिव्होल्ट प्रति पिकोसेकंद होता, म्हणून १ मिलिव्होल्टच्या गणिती चुकीने ०.११ पिकोसेकंदाचा फरक पडतो. ८० टक्क्यांवर तो ०.२८ आणि ९० टक्क्यांवर ०.५६ पिकोसेकंद होतो. १० ते ९० ऐवजी २० ते ८० घेतल्याचा निर्णय मात्र यामुळे योग्य ठरला. लहरीची शेवटची शेपटी मोजण्याच्या कामाची नसते.

२० जानेवारी

नॅन्डच्या आकड्यांत पहिली कड आणि त्यानंतरच्या कडा जुळत नाहीत. हा सेल उतरत्या आउटपुटसाठी एकावर एक ठेवलेले दोन एनमॉस वापरतो आणि त्या दोघांच्या मधल्या नोडवर किती प्रभार शिल्लक आहे यावर विलंब अवलंबून असतो. खालचा ट्रान्झिस्टर आधीच चालू असून वरचा उघडला, तर मधला नोड आधीच रिकामा असतो आणि आउटपुट लवकर उतरते. वरचा चालू असून खालचा उघडला, तर पुरवठ्याहून एक थ्रेशोल्ड कमी एवढा भरलेला मधला नोडही रिकामा करावा लागतो आणि उशीर होतो. दोन्ही बंद असताना तो नोड तरंगत असतो, आणि सिम्युलेशनच्या आरंभी त्याला मिळणारे व्होल्टेज गळतीच्या प्रवाहांवरून ठरते. प्रत्यक्ष चालत्या मंडलात ते आधीच्या घडामोडींवरून ठरले असते. त्यामुळे यापुढे पहिली कड मोजायची नाही, तिसरी मोजायची, आणि तक्त्यात कोणता इनपुट हलला ते वेगळे लिहायचे.

कितवी कड मोजायची हे सांगताना आणखी एक गोष्ट आडवी आली. इनपुट वेगाने चढत असताना गेट आणि ड्रेन यांच्यामधल्या धारितेमुळे आउटपुट आधी थोडे पुरवठ्याच्याही वर उचलले जाते आणि मग उतरते. ही उसळी १०० टक्क्यांच्या वर असल्याने आमच्या पातळ्यांना शिवत नाही. शेजारच्या तारेकडून येणारा धक्का मात्र शिवू शकतो. अशा एका चाचणीत आउटपुटने ५० टक्क्यांची पातळी तीनदा ओलांडली आणि आज्ञेने प्रामाणिकपणे पहिली ओलांडणी मोजली. विलंबासाठी शेवटची ओलांडणी धरली पाहिजे, कारण पुढच्या सेलला स्थिर मूल्य तिथूनच मिळते. मोजमापाआधी ओलांडण्या मोजून त्या एकापेक्षा जास्त असल्यास चौकटीला खूण करण्याची सोय स्क्रिप्टमध्ये केली.

दुसऱ्या एका चाचणीत मिळालेल्या जादा ओलांडण्या खऱ्या नव्हत्याच. लहर एका बिंदूला वर, पुढच्याला खाली अशी दातेरी होत होती, आणि टाइमस्टेप बदलला की दातांची रुंदीही बदलत होती. सिम्युलेटरच्या ट्रॅपेझॉइडल या गणनपद्धतीचे हे ओळखीचे लक्षण आहे. गिअर ही दुसरी पद्धत घेतल्यावर दाते गेले. पण गिअर कायमची लावून ठेवण्याचा मोह टाळला, कारण ती खऱ्या दोलनांनाही दाबते आणि मग तारेतली खरी थरथर कधीच दिसणार नाही.

२२ जानेवारी

इनपुटला सरळ रेषेची कड द्यावी की खऱ्या सेलमधून आलेली? दोघींचा २० ते ८० टक्क्यांचा स्ल्यू १३८.६ पिकोसेकंद ठेवून पाहिला. सरळ कडेला २० पासून ५० टक्क्यांपर्यंत आणि ५० पासून ८० पर्यंत सारखाच, म्हणजे ६९.३ पिकोसेकंद वेळ लागतो. कपॅसिटर भरत जाणाऱ्या लहरीला पहिल्या भागात ४७ आणि दुसऱ्या भागात ९१.६ पिकोसेकंद लागतात. तक्त्याच्या दृष्टीने या दोन कडा एकच आहेत. सेलच्या दृष्टीने नाहीत, कारण ५० टक्क्यांच्या क्षणापासून पुढे इनपुट किती वेगाने वर जाते यावर ट्रान्झिस्टरला मिळणारा प्रवाह ठरतो. खऱ्या मंडलातल्या कडांनाही शेपूट असते, म्हणून यापुढे उद्गम आणि चाचणीचा सेल यांच्यामध्ये एक इन्व्हर्टर आणि बदलता कपॅसिटर ठेवणार आहे. हवा तो स्ल्यू मिळेपर्यंत तो कपॅसिटर बदलावा लागतो आणि सिम्युलेशनची संख्या वाढते, पण हा खर्च योग्य वाटतो.

२३ जानेवारी

जुना तक्ता ज्या व्हेरिलॉग (डिजिटल मंडलांच्या वर्णनाची भाषा) मॉडेलसाठी केला होता ते मॉडेल मिळाले. त्याचे टाइमस्केल (वेळेचे एकक) १ नॅनोसेकंद आणि अचूकता १०० पिकोसेकंद आहे. म्हणजे ०.३७ नॅनोसेकंदांचा विलंब ०.४ होतो, ०.०४ चा शून्य होतो, आणि ०.३७ चे वीस सेल ओळीने लावले तर ७.४ ऐवजी ८ नॅनोसेकंद लागतात. इथे आम्ही पिकोसेकंदाच्या दशांशासाठी झगडत असताना हे वाचणे काहीसे क्लेशदायक होते. अचूकता १ पिकोसेकंद केली.

त्याच मॉडेलमध्ये गेटच्या विलंबापेक्षा अरुंद पल्स नाहीशी होते, कारण तिथला विलंब जडत्वाचा आहे. ॲनालॉग सिम्युलेशनमध्ये अशी पल्स अर्धवट उंचीची होऊन पुढे जाते, आणि ती ५० टक्क्यांना पोहोचली नाही तर मोजमाप ‘सापडले नाही’ असे सांगते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी ठीक आहेत. स्क्रिप्टमध्ये मात्र ‘सापडले नाही’ आणि ‘शून्य’ यांची गल्लत होऊ नये, एवढे पाहिले.

२७ जानेवारी

फ्लिप-फ्लॉपचा सेटअप काळ, म्हणजे क्लॉकच्या कडेआधी डेटा किती वेळ स्थिर असावा लागतो तो. डेटा आणि क्लॉक यांच्या कडांमधले अंतर २०० पिकोसेकंदांच्या पट्ट्यात दर वेळी निम्मे करत शोधायचे. दहा फेऱ्यांत पट्टा ०.२ पिकोसेकंदावर येतो. प्रश्न हा की ‘चालले’ कशाला म्हणायचे. आउटपुटने अखेर योग्य मूल्य घेतले एवढीच अट ठेवली तर अगदी काठावरचा आकडा मिळतो, पण त्या जागी क्लॉकपासून आउटपुटपर्यंतचा विलंब भरमसाट वाढलेला असतो, आणि तो विलंब तक्त्यातल्या विलंबाशी मुळीच जुळत नाही. म्हणून भरपूर सवड दिलेल्या विलंबापेक्षा १० टक्क्यांनी जास्त विलंब होईल तो क्षण सेटअप मानला. मेटास्टेबिलिटीच्या, म्हणजे ० आणि १ यांच्यामध्ये अडकण्याच्या, जवळ आउटपुट ठरायला वेळ घेते आणि सिम्युलेशन त्याआधीच संपले तर चाललेला प्रयत्नही न चाललेला ठरतो. म्हणून शेवटची वेळ बरीच पुढे नेली. या मोजमापात क्लॉकची कड मधल्या इन्व्हर्टरमधून दिली, डेटाची मात्र अजून थेट उद्गमातूनच.

होल्ड काळ, म्हणजे क्लॉकच्या कडेनंतर डेटा किती वेळ स्थिर असावा लागतो तो, अजून घेतलेला नाही. सेटअपला भरपूर सवड दिली की होल्ड कमी भरतो आणि सवड कमी केली की वाढतो, त्यामुळे एकाचे मूल्य स्थिर ठेवताना ते कोणते ठेवले हे लिहावे लागेल.

३० जानेवारी

नवा इन्व्हर्टर तक्ता दुरुस्त केलेल्या अक्षांसह जुन्यापुढे ठेवला. तुलनेपुरती मधला इन्व्हर्टर काढून सरळ कडच दिली होती, कारण जुना तक्ताही थेट उद्गमावरच केलेला आहे. जवळपास सगळ्या चौकटी जुळल्या. ‘१००’ ची ओळ ६० म्हणून वाचली की १० तारखेला दिसलेला वाढता फरक उरत नाही.

न जुळलेल्या चौकटी फक्त एका कोपऱ्यात आहेत : सर्वांत संथ इनपुट, सर्वांत हलका भार, उतरते आउटपुट. तिथे जुन्या तक्त्यात ओळीने शून्ये आहेत आणि माझ्याकडे ऋण आकडे. घटनांवर चालणाऱ्या सिम्युलेटरला ऋण विलंब देता येत नाही, आणि जुना तक्ता त्याच्यासाठी केला असल्याने ती शून्ये मुद्दाम लिहिलेली असावीत, मोजलेली नव्हेत, असे मला वाटते. सहकाऱ्याला विचारले आहे. दरम्यान ॲनालॉग मोजमापाच्या तक्त्यात ऋण आकडे तसेच ठेवले आहेत आणि व्हेरिलॉगसाठी वेगळी प्रत काढून तीत त्या चौकटी शून्य केल्या आहेत. अशा प्रत्येक चौकटीतला मूळ आकडा शेजारच्या रकान्यात लिहिला आहे.

फ्लिप-फ्लॉपच्या डेटाची कडही सोमवारपासून मधल्या इन्व्हर्टरमधून द्यायची आहे. सेटअपचे आकडे त्याने किती हलतात ते पाहिल्याशिवाय होल्डला सुरुवात करणार नाही.